फिशफाइंडर बसवताना : जेट बोटीकडून शिकण्याजोगा धडा

महागाचे यंत्र आणले, दुकानदाराने पडद्यावर रंगीत मासे पोहताना दाखवले, बोटीवर बसवले, आणि समुद्रात गेल्यावर पडद्यावर नुसता ठिपक्यांचा पाऊस. बोट उभी असली की तळ दिसतो, बोट पळू लागली की तळही दिसेनासा होतो. तांडेल म्हणतो यंत्र खराब, दुकानदार म्हणतो बसवणारा अडाणी, आणि बसवणारा बिचारा दोघांच्या मध्ये उभा. अशा वेळी दोष बहुधा यंत्रात नसतो. तो ज्या जागी ट्रान्सड्यूसर बसवला त्या जागेत असतो.

आपल्या वाचकांत बोटींचे इलेक्ट्रिशियन आहेत, डिझेल इंजिनांचे फिटर आहेत, फायबरचे काम करणारे कारागीर आहेत. कोकणच्या बंदरांतून हे हुन्नर घेऊन आखातात गेलेलेही पुष्कळ आहेत. त्यांच्या उपयोगासाठी या वेळी आम्ही फिशफाइंडर बसवण्याचे काम मुळापासून समजावून घेणार आहोत, आणि उदाहरण घेणार आहोत ते जेट बोटीचे.

जेट बोट आपल्या मच्छीमारीच्या बंदरात सहसा दिसत नाही, मग तिचेच उदाहरण का? कारण या कामातील ही सर्वांत अवघड परीक्षा आहे. पंख्याच्या बोटीत जी चूक थोडीफार खपून जाते ती जेट बोटीत खपत नाही. जेट बोटीवर ट्रान्सड्यूसर नीट बसवता आला, की साध्या फायबरच्या बोटीवर तो डोळे मिटून बसवता येईल.

जेट बोट म्हणजे काय

साध्या बोटीचा पंखा तळाच्या खाली पाण्यात फिरतो. जेट बोटीला असा बाहेरचा पंखा नसतो. तिच्या तळाला, मागच्या बाजूस एक जाळीदार तोंड असते. इंजिनावर चालणारा पंप या तोंडातून पाणी आत ओढतो आणि मागच्या फळीतील नळीतून जोराने बाहेर फेकतो. पाणी मागे गेले की बोट पुढे जाते. नळी डावी-उजवीकडे वळवली की बोट वळते. मागे यायचे असेल तेव्हा नळीच्या तोंडावर बादलीसारखे झाकण खाली येते आणि तेच पाणी तळाखालून पुढच्या दिशेने फेकले जाते.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नद्या रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या आहेत. तिथे पंखा टिकत नाही. तेथील शेतकरी-इंजिनिअर विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत व्यवहारात उतरवली. १९७७ साली एडमंड हिलरी यांनी गंगासागरपासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर जाण्याची जी मोहीम काढली, ती अशाच तीन जेट बोटींतून. नंदप्रयागजवळ धबधब्याने त्यांची वाट अडवली, तिथपर्यंत या बोटी चढून गेल्या. आज न्यूझीलंड, अलास्का आणि अमेरिकेच्या वायव्य भागातील नद्यांत मासे धरणाऱ्यांकडे अॅल्युमिनियमच्या जेट बोटी असतात. आपल्या तटरक्षक दलाच्या अनेक वेगवान इंटरसेप्टर नौकाही पाण्याच्या झोतावरच चालतात. म्हणजे हे तंत्र अगदी परके राहिलेले नाही.

यंत्र पाहत नाही, ऐकते

फिशफाइंडरचे दोन भाग असतात. एक पडद्याचा, जो तांडेलासमोर असतो. दुसरा ट्रान्सड्यूसर, जो पाण्याला लागून असतो. किंमत पडद्याला पडते, पण काम ट्रान्सड्यूसर करतो. तो विजेच्या धक्क्याने थरथरतो आणि पाण्यात आवाजाची एक टिचकी सोडतो. ती तळाला किंवा माशाला आपटून परत येते. परत आलेला आवाज तोच ट्रान्सड्यूसर ऐकतो आणि त्याची पुन्हा वीज करून पडद्याकडे पाठवतो. जपानमधील नागासाकी भागातील फुरुनो बंधूंनी १९४८ साली पहिले व्यापारी फिशफाइंडर बाजारात आणले. तेव्हापासून पडदे बदलले, पण ही मूळ गोष्ट बदललेली नाही.

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तळ ३० मीटरवर, म्हणजे सोळाएक वावांवर असेल, तर जाऊन-येऊन ६० मीटर होतात. त्याला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. हा वेळ मोजून यंत्र खोली सांगते.

आवाज सरळ रेषेत जात नाही, उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा खाली पसरत जातो. साध्या ट्रान्सड्यूसरमध्ये बहुधा दोन कंपनसंख्या असतात. २०० किलोहर्ट्झचे नरसाळे अरुंद, सुमारे १२ अंशांचे. ३० मीटर खोलीवर ते तळाचा जेमतेम ६ मीटर रुंदीचा गोल पाहते. ५० किलोहर्ट्झचे नरसाळे रुंद, सुमारे ४५ अंशांचे. तेवढ्याच खोलीवर ते २५ मीटरच्या आसपास रुंदी व्यापते आणि अधिक खोलवर पोहोचते, पण चित्र भरड येते. उथळ पाण्यात बारकाईसाठी पहिली, खोल समुद्रासाठी दुसरी, एवढे ग्राहकाला सांगता आले पाहिजे. हल्ली एकाच कंपनसंख्येऐवजी अनेक कंपनसंख्या ओळीने सोडणारी चर्प पद्धतीची यंत्रे आली आहेत. त्यांत एकमेकांजवळचे मासे वेगळे दिसतात. परंतु बसवण्याचे नियम तेच आहेत.

सारा खेळ हवेचा

आता मुख्य मुद्दा. पाण्यातून जाणारा आवाज हवेला भिडला की जवळजवळ सगळाच परत फिरतो. माशाच्या शरीरात बहुतेक पाणीच असते, मग तो पडद्यावर ठळक कसा दिसतो? तर पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे. घोळ माशाचा भोत व्यापाऱ्यांनी पाहिलेला आहे आणि त्याला किती भाव येतो हेही ते जाणतात. तो भोत म्हणजे हीच पिशवी. आवाज तिला आपटून जोराने परत येतो. उलट सुरमईच्या पोटात अशी पिशवी नसते, मुशीच्याही नसते. म्हणून हे मासे आकाराने मोठे असूनही त्यांची खूण फिकी येते. ग्राहकाने 'खाली सुरमई होती, यंत्राने दाखवली नाही' अशी तक्रार केली तर हे ध्यानात असावे.

ज्या हवेमुळे मासा दिसतो, तीच हवा ट्रान्सड्यूसरच्या तोंडासमोर आली की यंत्र आंधळे होते. बोट पळताना तळाखाली बुडबुडे तयार होतात. ट्रान्सड्यूसर त्या बुडबुड्यांत सापडला, की त्याचा आवाज तिथल्या तिथे परत फिरतो आणि पडद्यावर वरच्या भागात गर्दी दिसते. तेव्हा या कामाचा एकच नियम पाठ करावा : बोट पूर्ण वेगात असतानाही ज्या जागी बुडबुडे नसलेले स्वच्छ पाणी वाहते, तीच ट्रान्सड्यूसरची जागा. बाकीचे सर्व नियम याच एका नियमाची पोटकलमे आहेत.

जेट बोटीत जागा शोधणे

जेट बोटीत ही स्वच्छ जागा फार अरुंद असते. तळाचा एकेक भाग तपासून पाहू.

पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या पुढची जागा सर्वस्वी वर्ज्य. तिथे पाणी स्वच्छ असते म्हणून मोह होतो. पण तिथे ट्रान्सड्यूसर, त्याचा ठोकळा किंवा एखादा बोल्टदेखील बाहेर आला, तर त्याच्यामागे तयार होणारे भोवरे आणि बुडबुडे थेट पंपात जातात. पंपाला पाण्याऐवजी हवा मिळाली की त्याची पकड सुटते, इंजिनाचे फेरे एकदम वाढतात, आवाज चढतो आणि बोट मात्र पुढे जात नाही. उथळ, वाहत्या नदीत किंवा लाटांत अशी पकड सुटणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. पंप बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात तोंडापुढची किती जागा मोकळी ठेवावी हे दिलेले असते. ते पाहिल्याशिवाय तळाला हात लावू नये.

नळीच्या मागे आणि लगतच्या दोन्ही बाजूंना फेसाळ पाणी असते. नळी वळते तेव्हा हा फेसही डावी-उजवीकडे सरकतो. तो किती सरकतो ते पाहून त्याच्या बाहेर राहावे.

अगदी कडेला, तळ आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथेही उपयोग नाही. बोट वेगाने पाण्यावर उचलली गेली की ही कड कोरडी पडते किंवा तिच्याखाली फेस असतो.

तळाला लांबीने ज्या उठावदार पट्ट्या असतात, त्यांच्या मागे बुडबुड्यांची रेघ सुटते. वेल्डिंगच्या आणि रिबिटांच्या रेषांमागेही तेच होते. बाहेरच्या पाण्याच्या भोकांच्या मागेही बसवू नये.

म्हणजे मागच्या फळीवर, नळीचा फेस आणि बाहेरची कड यांच्या मधोमध, दोन पट्ट्यांच्या दरम्यान जो हात-दीड हाताचा भाग उरतो, तोच आपला. तो नक्की कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नये. बोट पाण्यात घेऊन मोकळ्या जागी पळवावी. लाइफ जॅकेट घातलेल्या आणि दोरीने बांधलेल्या सहकाऱ्याने आतूनच वाकून पाहावे. फळीखालून पाणी जिथे काचेसारखे सुटते तिथे खूण करावी. नळीच्या मागे कोणीही उभे राहू नये. मग लाकडी पट्टीला ट्रान्सड्यूसर बांधून ती पट्टी शिकंज्याने त्या खुणेवर आवळावी आणि बेताच्या वेगाने चाचणी घ्यावी. चित्र पक्के आले की मगच ड्रिल हाती घ्यावे. अर्धा दिवस जाईल, पण फळीला चार फुकट भोके पडणार नाहीत.

कोणत्या बोटीला कोणता प्रकार

ट्रान्सड्यूसर बसवण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली, मागच्या फळीवर ब्रॅकेटने. लहान बोटींना हीच सोयीची. जेट बोट गोट्यांवरून जाते, म्हणून धक्का बसला की वर उचलला जाणारा ब्रॅकेटच घ्यावा. ट्रान्सड्यूसरचे तोंड तळाच्या पातळीपेक्षा किंचित खाली असावे. फायबरच्या बोटीत साधारण ३ मिलिमीटर पुरतात. पत्र्याच्या बोटीत रिबिटांमुळे थोडे अधिक लागतात. फार खाली सोडला तर तो पाणी फाडतो, कारंजे उडते आणि तोच बुडबुडे तयार करू लागतो.

दुसरी, आतून. तळ भरीव फायबरचा असेल तर ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूस इपॉक्सीने चिकटवता येतो. आवाज फायबरमधून आरपार जातो. भोक नाही, गळती नाही, गोट्यांचा मार नाही. मात्र थोडी ताकद फायबरमध्ये खर्च होते आणि पाण्याचे तापमान कळत नाही. चिकटवण्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळे काम वाया जाते. म्हणून आधी पाण्याने भरलेली पातळ पिशवी तळावर ठेवून, तिच्यात ट्रान्सड्यूसर बुडवून बोट चालवून पाहावी. तळात फोम किंवा बाल्साच्या लाकडाचा थर असेल तर ही रीत चालत नाही, कारण त्या थरांत हवा असते. अॅल्युमिनियमच्या आणि लाकडी बोटींनाही ही रीत वर्ज्य आहे.

तिसरी, तळाला भोक पाडून आरपार. मोठ्या बोटींना हीच उत्तम, पण जबाबदारीही मोठी. येथे धातूचा मेळ पाहणे अत्यंत आवश्यक आहे. अॅल्युमिनियमच्या तळात पितळी किंवा काशाचा ट्रान्सड्यूसर बसवला तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाते. तिथे प्लास्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा, आणि तोही कंपनीने सांगितल्याप्रमाणे धातूपासून अलग ठेवून बसवावा. लाकडी तळात प्लास्टिकचा बसवू नये, कारण लाकूड फुगते आणि प्लास्टिक तडकते. तिथे काशाचा योग्य. फायबरला दोन्ही चालतात. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतरता असेल तर ट्रान्सड्यूसरचे तोंड तिरके होते. त्यासाठी आतून कलता बसवलेला ट्रान्सड्यूसर किंवा उतार भरून काढणारा ठोकळा मिळतो. तोंड सरळ खाली पाहिले पाहिजे.

भोक पाडण्याआधी आणि नंतर

अॅल्युमिनियमच्या फळीला शक्य तितकी कमी भोके पाडावीत. जाड प्लास्टिकची एक पाटी फळीला कायमची पक्की करून ब्रॅकेटचे स्क्रू त्या पाटीत घ्यावेत. पुढे यंत्र बदलले, ब्रॅकेट बदलला तरी भोके पाटीला पडतील, बोटीला नाहीत. ही पाटी लावणारा कारागीर ग्राहक विसरत नाही.

फायबरच्या फळीत बहुधा प्लायवूड असते. भोकातून पाणी आत गेले की प्लायवूड आतल्या आत कुजते आणि वरून काही दिसत नाही. प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सी भरून, ती सुकल्यावर स्क्रूला समुद्री सीलंट लावून बसवावे. घरातल्या सिंकला लावतात ते सिलिकॉन पाण्याखाली वापरू नये. पॉलियुरेथेन जातीचे समुद्री सीलंट वापरावे. मात्र ते प्लास्टिकला चालते की नाही हे डब्यावर वाचून घ्यावे. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी. फायबरवर खुणेच्या जागी चिकटपट्टी लावावी म्हणजे वरचा थर उडत नाही.

आरपार ट्रान्सड्यूसर बसवल्यावर बोट पाण्यात उतरवताच आतून हात फिरवून पाहावे आणि पहिले काही तास बोट एकटी सोडू नये. थेंब थेंब गळतीने रात्रीत बोट बसू शकते. आपल्याकडे पावसाळी बंदीच्या दिवसांत बोटी ओढून ठेवलेल्या असतात. आरपारची कामे त्याच काळात घ्यावीत. सीलंटला सुकायला हवा तितका वेळ मिळतो आणि ग्राहकाचा मासेमारीचा दिवस बुडत नाही.

ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला अॅसिटोन किंवा थिनर लावून पुसू नये, प्लास्टिक खराब होते. त्याला शेवाळरोधक रंग लावायचा तर पाण्यात मिसळणारा आणि ट्रान्सड्यूसरसाठीचाच लावावा. अॅल्युमिनियमच्या तळाला तांबेयुक्त रंग लावणे तर बोट खाण्याला आमंत्रण.

वायरिंग

जागा साधली की दुसरा शत्रू उरतो, तो म्हणजे विजेचा गोंगाट. परत येणारा आवाज इतका क्षीण असतो की शेजारून जाणाऱ्या वायरीतील धडधडही त्याला झाकून टाकते. जेट बोटीत पुष्कळदा पेट्रोलवर चालणारे मोठे इंजिन असते, त्याच्या ठिणगीच्या वायरी हा गोंगाटाचा मोठा उगम.

फिशफाइंडरच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात. अधिक बाजूस, बॅटरीच्या जवळ, पुस्तकात दिलेल्या क्षमतेचा फ्यूज घालावा. अॅल्युमिनियमच्या बोटीचे अंग उणे वायर म्हणून कधीही वापरू नये. त्याने गोंगाट तर येतोच, शिवाय बोटीचा पत्राही खाल्ला जातो. इंजिन सुरू करताना दाब उतरून पडदा बंद पडत असेल तर वेगळी लहान बॅटरी द्यावी. बोटीवर १२ व्होल्ट आहेत की २४, आणि यंत्र किती सोसते, हे जोडण्याआधी पाहावे. वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची घ्यावी. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते.

ट्रान्सड्यूसरची केबल तोडू नये, जोडू नये, लांब असली तरी कापू नये. राहिलेली केबल सैल वेटोळे करून कोरड्या जागी बांधावी. ती इंजिनाच्या वायरी, अल्टरनेटर आणि व्हीएचएफच्या केबलपासून दूर न्यावी. एखाद्या वायरीला ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावी. ट्रान्सड्यूसर केबलला धरून उचलू नये.

समुद्रातील चाचणी : दोष ओळखण्याची रीत

यंत्र बिघडले म्हणून परत करण्याआधी पुढील क्रमाने पाहावे.

१. इंजिन बंद, बोट उभी. आठ-दहा मीटर पाण्यात तळाची रेघ स्वच्छ आली पाहिजे. येत नसेल तर जोडणी, केबल किंवा यंत्राच्या मेनूत निवडलेला ट्रान्सड्यूसरचा प्रकार चुकला आहे.

२. बोट उभी, इंजिन सुरू. पडद्यावर उभ्या रेघा किंवा ठिपके आले आणि फेऱ्यांबरोबर वाढले, तर गोंगाट विजेचा. पण जेट बोटीत एक अडचण आहे. साध्या जोडणीत इंजिन फिरले की पंपही फिरतो, म्हणून उभ्या बोटीतही पाणी ढवळते. तेव्हा फिशफाइंडर क्षणभर वेगळ्या बॅटरीवर लावून पाहावे. ठिपके गेले तर दोष वीजपुरवठ्याच्या वायरीतून येतो. न गेले तर केबल हलवून पाहावी. तरीही न गेले तर बुडबुड्यांचा संशय घ्यावा. केबलवर फेराइटची कडी चढवल्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

३. बोट हळूहळू वेगात. ठराविक वेगानंतरच चित्र तुटत असेल तर तो बुडबुड्यांचा दोष. ब्रॅकेट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावा, पुन्हा पळवावे. नाहीच जमले तर कोन किंचित बदलावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

४. वळताना चित्र जाते. ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर येत असेल. तो थोडा आत सरकवावा, मात्र नळीच्या फेसात नाही.

५. मागे येताना चित्र जाते. हा दोष नव्हे. बादली खाली आली की फेस तळाखाली येतो. हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे नंतर वाद होत नाही.

जिवाची गोष्ट

फिशफाइंडर खाली पाहते, पुढे पाहत नाही. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचे पाणी, बाकीचे सारे चित्र मागे पडलेल्या पाण्याचे. बोट ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर ती सेकंदाला ११ मीटर जाते. पडद्यावर खडक उगवलेला दिसतो तेव्हा बोट त्याच्यावरून गेलेली असते, किंवा त्याच्यावर चढलेली असते. शिवाय फार उथळ पाण्यात यंत्राला नीट आकडाही सांगता येत नाही. जेट बोट वीतभर पाण्यातून जाऊ शकते, म्हणून तिच्या चालकाला यंत्राच्या भरवशावर वेग घेण्याचा मोह अधिक. खाडीच्या तोंडाशी येणाऱ्या आपल्या बोटींनाही हेच लागू आहे. यंत्र विकणाऱ्याने आणि बसवणाऱ्याने ही एक गोष्ट न चुकता सांगावी. मासा न मिळाल्याने एक दिवस बुडतो, खडकाने बोट बुडते.

धंद्याच्या दृष्टीने

या कामात नाव कमवायचे असेल तर काही सवयी लावून घ्याव्यात. भाव ठरवताना यंत्र, सामान, मजुरी आणि पाण्यातील चाचणी वेगवेगळी लिहून द्यावी. चाचणी हा कामाचाच भाग आहे, उपकार नाही. तिच्यासाठी डिझेल कोणाचे हे आधी बोलून घ्यावे. मजुरीची शेवटची रक्कम ग्राहकासमोर बोट पळवून दाखवल्यावर घ्यावी. यंत्र विकण्याआधी बोट कशाची आहे, तळ भरीव आहे की थराचा, बॅटरी किती व्होल्टची, किती पाण्यात मासेमारी होते, एवढे चार प्रश्न विचारावेत. उथळ खाडीत फिरणाऱ्याच्या गळ्यात खोल समुद्राचे यंत्र मारले तर आजचा नफा होईल, पण उद्याचे गिऱ्हाईक जाईल.

काम संपल्यावर एका कागदावर ट्रान्सड्यूसरची जागा, फ्यूजची क्षमता, केबलची वाट आणि मेनूतील ठरवलेले आकडे लिहून त्याची एक प्रत बोटीवर व एक आपल्याजवळ ठेवावी. दोन वर्षांनी दुरुस्ती निघाली तर हा कागद अर्धे काम करतो. दुकानात फ्यूज, फेराइटच्या कड्या, समुद्री वायर, सीलंट आणि दोन-चार ब्रॅकेट सदैव असावेत. बोट किनाऱ्याला लागलेली असते ती काही तासच.

हे शिकायला मोठ्या भांडवलाची गरज नाही. ड्रिल, मल्टीमीटर, काही शिकंजे आणि पाण्याकडे पाहण्याची सवय एवढे पुरते. तरुण कारागिरांनी जवळच्या बंदरात जाऊन बोट निघते तेव्हा तिच्या मागच्या फळीखालून पाणी कुठे स्वच्छ सुटते आणि कुठे फेसाळते, हे आठ दिवस नुसते पाहावे. जागा ओळखणारी नजर बाजारात विकत मिळत नाही, आणि ती ज्याच्याजवळ आहे त्याला काम शोधत फिरावे लागत नाही.